गरम झाली की चालू होत नाही

जा की! मी कुठे नको म्हणतोय? उद्या सुट्टी आहे, होडी भाड्याने मिळते, जा, फिरून या. फक्त माझी जागा धरू नका. मी मोटरच्या होडीत बसत नाही. का, ते विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी घरात काढत नाही. तुमच्या आईला आवडत नाही. तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची आहे ना.

म्हणजे माझा साडू. तुम्ही बघितलंय त्याला. लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसतो, वाढलेलं मुकाट जेवतो आणि उठून जातो, तो. आज बघून खरं वाटणार नाही, पण एके काळी हा माणूस बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड व्हायचा. घरीदारी सगळे त्याला फिटर म्हणायचे. पत्रिकेतलं नाव बायकोलाही आठवत नसेल. कुणी भुताखेताचं काढलं की म्हणायचा, "भूत म्हणजे कार्बोरेटरमधला कचरा. दिसत नाही, गाडी मात्र बंद पाडतो. काढा, पुसा, विषय संपला."

त्याचं दुकान धरणाच्या वाटेवर होतं. पंप, मोटरसायकली, होड्यांच्या मोटरी, जे येईल ते तो खोलायचा. एके दिवशी दुपारी एक होडीवाला मोटरसायकलच्या मागे आपली मोटर पोत्यात गुंडाळून घेऊन आला. चाळिशीचा, अंगाने काटक, पण डोळे असे आत गेलेले, जणू महिनाभर झोपला नसावा.

फिटरने विचारलं, "काय तक्रार?"

"गरम झाली की चालू होत नाही."

"आणि गार असताना?"

"पहिल्या हिसक्यात. चालू ठेवली तर दिवसभर चालेल, कुरकुर नाही. पण तापल्यावर एकदा बंद केली, की मेली. कितीही ओढा. अर्धा तास थांबलं, की परत पहिल्या हिसक्यात."

"मग पाण्यावर बंद करू नका ना!" फिटर हसला.

होडीवाला हसला नाही. म्हणाला, "करावी लागते."

फिटरने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची नळी फुंकून बघितली, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं केलं. मग पाण्याच्या पिंपात मोटर लावून भरपूर पळवली. बंद केली, ओढली. चालू. परत बंद, परत चालू. "घेऊन जा," म्हणाला, "आता तक्रार आली तर माझ्या मिशा उतरवा."

दोन दिवसांनी होडीवाला परत हजर. तीच मोटर, तेच पोतं, तेच वाक्य. फिटरने पुन्हा सगळं खोललं, पुन्हा पिंपात बघितलं. पिंपात ती शहाण्या मुलीसारखी वागायची. पुढच्या आठवड्यात गडी पुन्हा दारात. आता फिटर इरेला पेटला. पिंपातल्या गार पाण्यात ही पुरेशी तापतच नसेल, असं त्याच्या मनात आलं. म्हणाला, "मी तुमच्याबरोबर पाण्यावर येतो. माझ्या डोळ्यांसमोर बंद पडू दे, मग बघतो तिच्याकडे."

होडीवाला जरा घुटमळला. "रात्री यावं लागेल," म्हणाला. "दिवसा मी ती बंद करत नाही."

आता यात विचित्र काही आहे असं फिटरला वाटलंच नाही. रात्रीची मासेमारी असेल, त्याने धरून चाललं. होडीवाल्यानेही खुलासा केला नाही.

नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. फिटर जेवून निघाला, अकराच्या सुमाराला पाण्याकाठी पोचला. होडीवाल्याचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, आत मुलं झोपलेली, पुढे पत्र्याचा पडवा, पडव्यात बकऱ्या बांधलेल्या. दारात त्याची बायको उभी होती. फिटरला बघून तिने पदर सावरला, पण "या, बसा" म्हणाली नाही. नवऱ्यालाच म्हणाली, "आज राहू दे ना." तो पेट्रोलची टाकी उचलून चालू लागला.

मोटर पहिल्या हिसक्यात लागली. चंद्र नव्हता. धरण काठोकाठ भरलेलं, पाण्यावर पातळ धुकं. थंडी हाडांपर्यंत जात होती. होडीवाला मागे दांडा धरून बसला, फिटर पुढच्या फळीवर. मोटर झकास चालली होती. पाऊण तास त्यांनी ती पळवली असेल. काठावरचे दिवे कधीच धुक्यात बुडाले. फिटर कान लावून बसला होता. आवाजात कुठे खोट आहे का, ते शोधत. खोट नव्हती.

आणि होडीवाल्याने मोटर बंद केली.

"का बंद केली?" फिटरने विचारलं.

"ऐकायला."

फिटरला वाटलं, मोटरचा आवाज ऐकायला. पण बंद मोटरचा कसला आवाज? त्यानेही ऐकलं. होडीच्या बुडावर पाणी चुबुक चुबुक लागत होतं. बाकी काही नाही.

मग होडीवाला उठला आणि स्टार्टरची दोरी ओढली. मोटर लागली नाही. पुन्हा ओढली. नाही. फिटरला खरं सांगायचं तर आनंद झाला. सापडला चोर! तो मागे सरकला, वरचं झाकण काढलं, प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवून धरला. "आता मारा हिसका," म्हणाला. अशा मिट्ट काळोखात ठिणगी लख्ख दिसायला हवी. होडीवाल्याने ओढलं. ठिणगी नाही. पुन्हा ओढलं. नाही. ठिणगी देणाऱ्या कॉइलला बोट लावलं तर चटका बसला. तापली की आतल्या आत तुटत होती, निवली की जुळत होती. एवढंच! इतके दिवस छळलं ते एवढ्याशा कॉइलने.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "झालं का रे?"

"झालं, झालं," फिटर मान वर न करता म्हणाला, "कॉइल गेलीय. उद्या नवी..."

आणि थांबला.

होडीवाल्याचं तोंड त्याच्यासमोर हातभर अंतरावर होतं. तोंड मिटलेलं होतं.

आवाज पाण्यावरून आला होता. उजवीकडून. जवळूनच... फार तर साठ-सत्तर फूट.

होडीवाला एकदम ताठ झाला आणि ओरडला, "आलो दादा! थांब! आलोच!" आणि वेड्यासारखी दोरी ओढायला लागला.

"कोण आहे तिथे?" फिटरने विचारलं. होडीवाल्याने ऐकलंच नाही. फिटरने विजेरी काढून उजवीकडे मारली. धुकं. धुक्याखाली पाणी. सपाट. काही नव्हतं. ना होडी, ना माणूस, ना झाडाचं बुडखं.

"झालं का रे?"

या वेळी आवाज खालून आला. म्हणजे... उभ्या माणसाचा आवाज कुठून येतो, आणि छातीपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचा कुठून येतो, ते कळतं ना? तसा.

फिटरने विजेरी विझवली. का विझवली, त्याला आजही सांगता येत नाही. वल्हं शोधायला हात फिरवला. वल्ही होती. दोन्ही होती. त्याने एक उचललं, तर होडीवाल्याने ते त्याच्या हातातून काढून खाली ठेवलं. "वल्ह्याने नाही पोचत," म्हणाला. "बघितलंय करून. मारू तितका तो लांब जातो. मोटरच लागली पाहिजे."

मग बोलणं संपलं. फक्त दोरीचा आवाज. खर्र... खर्र... आणि मधूनमधून ते.

"झालं का..."

पुढे शब्द नव्हते. तोंडात पाणी गेल्यावर जसं होतं...

मग तेही नाही.

दोघं बसून राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेवटी होडीवाल्याने दोरी ओढली आणि मोटर पहिल्या हिसक्यात लागली. गार झाली होती ना. त्याने होडी घराकडे वळवली. अख्ख्या वाटेत तो रडत होता, पण आवाज न करता. दिसतही नव्हतं. तो सारखं बाहीने नाक पुसत होता, तेवढ्यावरून फिटरला कळलं.

काठावर त्याची बायको उभी होती. नवऱ्याला तिने आत नेऊन झोपवलं, मग चहाचा कप घेऊन फिटरजवळ पायरीवर येऊन बसली. फिटरने कप दोन्ही हातांत धरला.

"ऐकलंत ना?" तिने विचारलं.

फिटरने मान हलवली.

तिने सांगितलं ते असं. पाण्याच्या मधोमध एक टेकाड आहे. उन्हाळ्यात उघडं पडतं, त्यावर गवत चांगलं येतं. दोघं भाऊ तिथे बकऱ्या चरायला सोडायचे. पावसाळ्यात एका संध्याकाळी वरच्या धरणाचं पाणी सोडलं आणि टेकाड बुडायला लागलं. दोघं होडी घेऊन धावले. होडी लहान. थोरला म्हणाला, "तू आधी बकऱ्या ने, मी पुढच्या खेपेला येतो. मला काय, मी उभा राहीन." बकऱ्यांना जागा व्हावी म्हणून वल्ही काढून टेकाडावर टाकली. धाकट्याने बकऱ्या काठाला सोडल्या आणि तसाच उलटा फिरला. तोवर अंधार पडला, धुकं उतरलं, पाण्याला ओढ लागली. टेकाड दिसेना. दादा हाका मारत असणार, पण मोटरच्या आवाजात ऐकू येईना. म्हणून त्याने मोटर बंद केली.

ऐकायला.

आणि ऐकू आलं. अगदी जवळून. "झालं का रे?"

मोटरची ती खोड दोघांनाही ठाऊक होती. थोरला चार महिने सांगत होता, दाखवून आण, दाखवून आण. हा म्हणत होता, उद्या.

"दीर शेवटपर्यंत थट्टा करत होते," ती म्हणाली. "'मुहूर्त बघतोयस का रे?' म्हणाले. पाणी कमरेला लागलं तरी यांना धीर देत होते. ओढीने होडी लांब चालली होती, यांना नुसतं ऐकू येत होतं. आणि शेवटी दीर म्हणाले, 'राहू दे आता. तू घरी जा.' तेवढंच. मग काही नाही. सापडलेही नाहीत."

"आणि आता रोज..."

"रोज. पाच महिने. मोटर तापेपर्यंत पळवायची, तिथे जाऊन बंद करायची. त्याशिवाय तो हाक मारत नाही."

मग ती जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, मी तुम्हाला हात जोडते. ती मोटर दुरुस्त करू नका."

"अहो वहिनी, पण ती एक कॉइल..."

"तुम्ही ऐकून घ्या. माझे दीर 'घरी जा' म्हणून गेले. लेकरासारखं वाढवलं होतं त्यांनी यांना. आणि हा जो हाक मारतो ना, हा पाच महिन्यांत एकदाही 'घरी जा' म्हणाला नाही. एकदाही नाही. मग हा कोण आहे, दादा?"

फिटरने कप खाली ठेवला आणि उठला.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. पहाटे दार वाजवलं. तुमची मावशी माहेरी होती आणि त्याला एकट्याने घरी जायचं नव्हतं. हे सगळं त्याने मला या इथे बसून सांगितलं. मी म्हटलं, "बाईचं ऐक. तो मोटर घेऊन आला की परत पाठव, म्हणावं होत नाही." तो म्हणाला, "मी नाही केली तर दुसरा करेल. कॉइल काय कुठेही मिळते." मग म्हणाला, "आणि एक सांगू? मी त्याला बघितलंय. तो माणूस असाही मरायला टेकलाय. एकदा मोटर लागू दे. एकदा त्या जागी जाऊन बघू दे, की तिथे कुणी नाही. सुटेल बिचारा."

त्याचा हेतू वाईट नव्हता. हे ध्यानात ठेवा.

शनिवारी सकाळी होडीवाला मोटर ठेवून गेला आणि फिटरने नवी कॉइल बसवली. पिंपात न लावता उघडी ठेवूनच पळवली, हात भाजेपर्यंत तापवली, बंद केली, ओढली. लागली. पुन्हा. लागली. संध्याकाळी होडीवाला आला, तर फिटर म्हणाला, "आज मी येतो बरोबर."

"नको," होडीवाला म्हणाला. दाढी करून आला होता. धुतलेला शर्ट. "होडीत जागा लागेल."

फिटर तरीही गेला. काठापर्यंत. होडी निघाली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. बायको पायरीवर बसलेली. तिने फिटरकडे एकदा बघितलं, बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणाला.

गुरुवारसारखंच धुकं. मोटरचा आवाज लांब लांब गेला. बारीक झाला. रात्री पाण्यावर आवाज किती लांब जातो, तुम्हाला कल्पना नाही. सगळं ऐकू येत होतं.

मग मोटर बंद झाली.

शांत.

पडव्यात बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या वाजल्या... आणि थांबल्या.

"झालं का रे?"

इतक्या लांबून... तरी स्पष्ट. बायकोने कान झाकून घेतले.

फिटर मनात म्हणत होता, लागू नको. स्वतःच्या हाताने बसवलेली कॉइल. लागू नको. लागू नको.

खर्र...

लागली.

पहिल्या हिसक्यात.

आणि पाण्यावरून होडीवाल्याचा आवाज आला. फिटर म्हणतो, तसा आनंद त्याने आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकला नाही. "झालं दादा! झालं! आलो!"

मोटर थोडी चालली. मंदावली. होडीला काहीतरी घासल्यासारखं... कुणी होडीची कड धरून चढतं, तसं.

मग बोलणं. दोन माणसांचं. शब्द कळत नव्हते. पण भांडण नव्हतं, ओरडणं नव्हतं. खूप दिवसांनी भेटलेली घरची माणसं बोलतात, तसं. मध्येच एकजण हसला. बायको उभी राहिली. फिटरही उभा राहिला. दोघांनाही क्षणभर वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे.

मोटरने जोर धरला.

आवाज जवळ यायला हवा होता.

आला नाही.

लांब जायला लागला. काठाकडे नाही, पलीकडच्या काठाकडेही नाही. धरणाच्या भिंतीकडे. जिथे पाणी सगळ्यात खोल आहे तिकडे. बायको हाका मारत पाण्यात शिरली, गळ्यापर्यंत गेली. फिटरने तिला ओढून आणलं. मोटर बंद पडली नाही, बुडाली नाही, काही नाही. नुसती लांब गेली... लांब... मग ऐकू येईनाशी झाली.

सकाळी शोध सुरू झाला. सरकारी होड्या आल्या, पाणबुडे आले. माणूस नाही, होडी नाही. बाई चौथ्या दिवशी मुलांना घेऊन भावाकडे निघून गेली. बकऱ्या तशाच सोडून दिल्या. फिटरने त्यानंतर होडीची मोटर खोलली नाही. हळूहळू बोलणंही बंद केलं.

होडी आठवड्याभराने सापडली. ते मात्र मी कुणाकडून ऐकलेलं नाही. फिटरला ओळख पटवायला बोलावलं होतं, तो एकटा जाईना, म्हणून मी बरोबर गेलो. आम्हाला सरकारी होडीतून नेलं. त्या दिवशी वारा एवढा, की आमची होडी एका जागी ठरेना. आणि ती... भिंतीच्या अलीकडे, अगदी खोल पाण्यात, उभी होती. हलत नव्हती. पुढचा दोर सरळ खाली पाण्यात गेलेला, ताणलेला, तारेसारखा.

"नांगर टाकलाय," एक पाणबुड्या म्हणाला. दुसरा म्हणाला, "इथे? इथे तळ कुठे लागतोय त्या दोराला?"

दोघांनी मिळून दोर ओढला. येईना. तिसरा हात लागला. तरी येईना. मग एकदम सैल झाला. कुणीतरी सोडल्यासारखा. तिघेही मागे पडले.

दोर वर घेतला. टोकाला नांगर नव्हता. दगड नव्हता. गाठसुद्धा नव्हती. आठवडाच झाला होता, तरी दोरावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ धरलं होतं, बोटभर जाड. सगळीकडे. फक्त टोकाजवळ, एकाखाली एक, चार जागी तो दोर स्वच्छ होता. नवाकोरा, पांढरा. प्रत्येक जागा एका मुठीएवढी.